‘विध्वंसक’ बंदुकीची ओळख



आमचें राजूर हें अकोलें तालुक्यांतील, सह्याद्रीच्या कुशींत वसलेलें गांव. पहाटे फिरावयास निघालें म्हणजे भंडारदऱ्याच्या वाटेवर धांवणारीं तरुण मुलें हटकून भेटतात. कोणाला पोलिसांत जावयाचें असतें, कोणाला पलटणींत, कोणाला सीमा सुरक्षा दलांत. सकाळीं धांवणें आणि दुपारीं सामान्य ज्ञानाचीं पुस्तकें पाठ करणें हा त्यांचा नित्यक्रम. त्यांपैकींच एक, माझा जुना विद्यार्थी, मध्यंतरीं ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, “गुरुजी, पुस्तकांत एक ओळ आहे. ‘विध्वंसक : साहित्यविरोधी रायफल, तिरुचिरापल्ली.’ ओळ पाठ झाली. पण अर्थ कळला नाहीं. साहित्याच्या विरुद्ध बंदूक कशी असेल?”

मला हसूं आलें. साहित्याविरुद्ध बंदूक निघाली तर आमच्यासारख्या जन्मभर कविता शिकविणाऱ्यांनीं जावें कोठें? परंतु त्याचा प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नव्हता. परीक्षेंत गुण मिळविण्यापुरती ही ओळ पाठ करणाऱ्या मुलांपैकीं एखादा उद्यां खरोखरच त्या बंदुकीमागें पालथा पडून सीमेपलीकडे पाहत असेल. हातांत येणारी वस्तु काय आहे, ती तशी कां घडविली आणि ती कोणावर चालवावयाची, हें त्याला ठाऊक असावें. म्हणून मी त्याला जें सांगितलें, तेंच आज आपणांपुढें थोडें व्यवस्थित मांडतों.

प्रथम नांवाचा उलगडा करूं. येथें ‘साहित्य’ म्हणजे वाङ्मय नव्हे, सामग्री. लढणाऱ्या सैन्याचे दोन भाग असतात. एक माणसें आणि दुसरा त्यांची सामग्री. मोटारी, इंधनाचीं टाकीं, बिनतारी यंत्रें, विमानांचा माग काढणारीं रडारें, जमिनीवर उभीं असलेलीं विमानें, वाळूच्या पोत्यांनीं व काँक्रीटनें बांधलेले मोर्चे, हें सर्व त्या सामग्रींत येतें. साधी बंदूक माणसाचा वेध घेण्यास पुरते. परंतु मोटारीचें यंत्र फोडण्यास किंवा मोर्च्याची भिंत भेदण्यास ती पुरत नाहीं. उलट, एवढ्यासाठीं तोफ ओढून आणावी तर ती डोंगराच्या कड्यावर चढत नाहीं, लपत नाहीं आणि तिचा गाजावाजा फार. बंदूक आणि तोफ यांच्या मधली ही जी जागा, ती भरून काढणारें हत्यार म्हणजे ही सामग्रीभेदी बंदूक.

ही मधली जागा आजचीच आहे असें मात्र नाहीं. आपल्या गडकोटांच्या तटांवर खांद्यावरील बंदुकीहून मोठे आणि तोफेहून लहान असे जंबुरे असत. त्यांना फिरत्या आंसावर बसवून हव्या त्या दिशेस रोखीत. तेंच हत्यार उंटाच्या पाठीवर चढविलें कीं त्याला शुतरनाळ म्हणत. १७६१ सालीं पानिपतावर अब्दालीच्या शुतरनाळांनीं आपल्या फौजेचें काय केलें, तें मराठी माणसाला सांगावयास नको. आमच्या मोठ्या तोफा एका जागीं रुतून राहिल्या, आणि शत्रूचीं हीं मधल्या आकाराचीं हत्यारें उंटांवरून हवीं तेथें जाऊन पोंचलीं. हलवितां येईल इतकें हलकें आणि भेदूं शकेल इतकें जड असें हत्यार हवें, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

आधुनिक काळांत या हत्याराला जन्म दिला तो रणगाड्यानें. १९१६ च्या सप्टेंबरांत फ्रान्सच्या रणभूमीवर इंग्रजांचे रणगाडे प्रथम अवतरले. साध्या बंदुकीच्या गोळ्या त्यांच्या पोलादी चिलखतावरून गारांसारख्या उसळूं लागल्या. यावर उपाय म्हणून जर्मनीच्या माउझर कारखान्यानें १९१८ सालीं आपल्या नेहमींच्या बंदुकीलाच जणूं दुप्पट मोठें केलें. तिची गोळी १३ मिलिमीटर जाडीची होती, आणि एका वेळीं एकच काडतूस भरावें लागे. ती चालविण्यास दोन माणसें लागत. धक्का इतका कडक असे कीं, सैनिक ती झाडण्यास नाखूष असत.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीं इंग्रजांनीं अशीच एक बंदूक तयार केली. कॅप्टन बॉईज नांवाच्या अधिकाऱ्यानें तिची आंखणी केली. परंतु १९३७ सालीं ती सैन्यांत दाखल होण्यापूर्वींच तो वारला, म्हणून तिला त्याचें नांव दिलें. वजन १६ किलो, गोळी ०.५५ इंच म्हणजे सुमारें १४ मिलिमीटर, आणि वरून बसविलेल्या मॅगझिनमध्यें ५ काडतुसें. ही बॉईज बंदूक त्या काळच्या हिंदी पलटणींनाहि मिळालेली होती. शंभर यार्डांवरून ती सुमारें २३ मिलिमीटर जाडीचें पोलाद भेदी.

हा आंकडा लक्षांत ठेवून कोणीं अहिल्यानगरला जावें. पूर्वीं अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आपल्या जिल्ह्याच्या शहरीं, चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राजवळ, १९९४ सालीं स्थापन झालेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेथें निरनिराळ्या देशांचे आणि काळांचे रणगाडे ओळीनें उभे आहेत. जुन्या हलक्या गाड्यांचें चिलखत बोटभर जाडीचें. पुढील काळाच्या गाड्यांजवळ जावें तों तें वाढतच गेलेलें. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मनीच्या टायगर रणगाड्याचें समोरचें पोलाद तर १०० मिलिमीटरांचें होतें. जी बंदूक २३ मिलिमीटर भेदते, ती त्यापुढें काय करणार? १९४३ पासून इंग्रजांच्या पलटणींत बॉईजची जागा दुसऱ्या जातीच्या हत्यारानें घेतली. रणगाडा आणि बंदूक यांच्या शर्यतींत बंदूक हरली.

पण हरलेल्या बंदुकीचा एक उपयोग त्याच युद्धांत दिसून आला होता. १९४२ च्या ऑगस्टमध्यें पॅसिफिक महासागरांतील माकिन नांवाच्या बेटावर अमेरिकन सैनिक उतरले. त्यांच्याजवळ कांहीं बॉईज बंदुका होत्या. तेथें पाण्यावर उतरलेलीं दोन जपानी विमानें त्यांनीं या बंदुकांच्या आणि मशीनगनच्या माऱ्यानें नष्ट केलीं. रणगाड्यापुढें निरुपयोगी ठरलेली गोळी विमानाच्या पातळ पत्र्यापुढें आणि नाजुक यंत्रापुढें अजूनहि काळ होती. सैन्य जसजसें सुधारतें तसतसा त्याच्याजवळचा महागडा आणि नाजुक माल वाढत जातो. रणगाड्याचें चिलखत वाढलें. रडारला मात्र चिलखत घालतां येत नाहीं. यामुळेंच चाळीस वर्षांनीं ही बंदूक नव्या नांवानें परत आली. अमेरिकेंत रॉनी बॅरट यानें १९८२ सालीं आपली अर्धस्वयंचलित मोठी बंदूक तयार केली, आणि पुढें दक्षिण आफ्रिकेनें एन्.टी.डब्ल्यू.-२० नांवाची बोल्टची बंदूक काढली.

हिंदुस्थानच्या सैन्यानें ही दक्षिण आफ्रिकेची बंदूक विकत घेतली होती. परंतु २००५ सालीं तेथील डेनेल या कंपनीशीं आपल्या सरकारचे व्यवहार थांबले. सीमेवर गरज तर होतीच. तेव्हां तिरुचिरापल्लीच्या सरकारी शस्त्रकारखान्यानें त्याच वर्षीं स्वतःच्या बंदुकीचें काम हातीं घेतलें, आणि २००६ च्या अखेरीस ती तयार झाली. मध्य प्रदेशांतील महू येथें, म्हणजे जेथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला त्याच लष्करी गांवीं, पायदळाची मोठी शाळा आहे. तेथें तिच्या चांचण्या झाल्या. तिला नांव दिलें ‘विध्वंसक’. मराठी, हिंदी, तामिळ, कोणाहि हिंदी माणसाला कळेल असा हा संस्कृत शब्द आहे. सीमा सुरक्षा दलानें ती स्वीकारली. शस्त्रकारखान्यांचें जुनें मंडळ २०२१ सालीं मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, आणि तिरुचिरापल्लीचा कारखाना त्यांपैकीं एकीकडे गेला.

आतां या बंदुकीची रचना पाहूं. रचनेंतील प्रत्येक गोष्टीचें कारण शाळेंत शिकविलेल्या एका नियमांत आहे : क्रिया तेवढी प्रतिक्रिया. गोळी पुढें जाते तेव्हां बंदूक मागें येते. किती वेगानें येते, याचें गणित सातवीच्या मुलालाहि करतां येईल. गोळीचें वजन आणि वेग यांचा गुणाकार करावा व त्याला बंदुकीच्या वजनानें भागावें.

विध्वंसकच्या सर्वांत लहान गोळीची जाडी १२.७ मिलिमीटर. तिचें वजन सुमारें ४८ ग्रॅम, आणि नळींतून सुटतांना तिचा वेग सेकंदाला सुमारें ८४५ मीटर. गुणाकार चाळीसच्या आसपास येतो. हीच गोळी आपण ४ किलो वजनाच्या नेहमींच्या बंदुकींतून झाडली अशी कल्पना करा. चाळीसाला चारानें भागलें म्हणजे दहा. ती बंदूक सेकंदाला १० मीटर, म्हणजे तासाला ३६ किलोमीटर वेगानें मागें येऊन खांद्यावर आदळेल. भरधांव फटफटीवर बसून कोणीं पोलादी दांडा खांद्याला मारावा, तसा तो प्रकार होईल. हाड शिल्लक राहणार नाहीं. याउलट बंदुकीचें वजन २५ किलो धरलें तर तो वेग २ मीटरांच्याहि आंत येतो. विध्वंसकचें वजन सुमारें २५ किलो आहे तें याच कारणानें. आमच्या भागांतल्या भाषेंत सांगावयाचें तर भाताच्या अर्ध्या पोत्याएवढें तें ओझें. हें वजन कारागिराचें अज्ञान नव्हे. तें सैनिकाच्या खांद्याचें संरक्षण आहे.

पण गोळीमागची दारू जळून जो वायु नळींतून उसळतो, त्याचाहि धक्का असतोच. म्हणून आणखी दोन युक्त्या योजिल्या आहेत. पहिली, नळीच्या तोंडाशीं एक जाड पोलादी टोपण बसविलेलें असतें; त्याला दोन्ही बाजूंस खिडक्या असतात. बाहेर पडणारा वायु त्या खिडक्यांच्या भिंतींवर आपटून बाजूंना वळतो, आणि आपटतांना बंदुकीला पुढें ओढतो. दुसरी युक्ति अशी कीं, नळी आणि यंत्राचा भाग मिळून एका पाळण्यासारख्या चौकटींत मागें सरकतो, आणि त्याचा जोर दाबयंत्र हळूहळू गिळून टाकतें. क्रिकेटचा चेंडू झेलतांना मुलें हात मागें घेतात ना? धक्का तेवढाच असतो. परंतु तो क्षणांत न बसतां लांबवून बसतो, म्हणून हात झिणझिणत नाहींत. तेंच तत्त्व येथें आहे.

तिसरी गोष्ट बोल्टची. जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजाला आंतून अडसर असतो. अडसर सरकविला कीं बाहेरून हत्तीनें धडक दिली तरी दार हलत नाहीं. बंदुकीचा बोल्ट म्हणजे असाच एक पोलादी अडसर. त्याच्या डोक्यावर गट्टू असतात. मूठ खालीं वळविली कीं ते गट्टू नळीच्या मागील खांचांत अडकतात आणि काडतुसाचें दार पक्कें बंद होतें. चाप ओढला कीं आंतली खिळी काडतुसाच्या टोपीवर आपटते, दारू पेटते, आणि तो सारा दाब हे गट्टू सोसतात. मग मूठ वर उचलून बोल्ट मागें ओढावा. रिकामें काडतूस आकडीला लागून बाहेर पडतें. पुढें ढकलावा, नवें काडतूस आंत जातें. मूठ खालीं वळवावी. दार पुन्हां बंद. हें प्रत्येक वेळीं हातानेंच करावें लागतें. जुन्या पोलीस शिपायांच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना ही क्रिया नवी नाहीं.

येथें माझ्या विद्यार्थ्यानें मला अडविलें. “गुरुजी, मशीनगनच्या युगांत हाताचा बोल्ट कशाला? २६ नोव्हेंबरच्या रात्रीं मुंबईच्या पोलिसांजवळ थ्री-नॉट-थ्री होत्या म्हणून सारे हळहळले ना?” मुलगा विचार करणारा आहे. २००८ सालच्या त्या रात्रीं छत्रपति शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुका घेऊन आलेल्या मारेकऱ्यांपुढें बोल्टची बंदूक तोकडी पडली, हें खरें आहे. जवळच्या आणि गर्दीच्या चकमकींत मागोमाग गोळ्या झाडाव्या लागतात. तेथें हाताचा बोल्ट म्हणजे उशीर. पण ज्या बंदुकीनें एका वेळीं एकच निवडलेली गोळी दूरवर टाकावयाची, तिला घाईचें कामच नाहीं. गोळी सुटतांना तिच्यांतला कोणताहि भाग स्वतः होऊन उघडत किंवा फिरत नाहीं, म्हणून नेम हलत नाहीं. यंत्र साधें, म्हणून धूळ व थंडी यांत बिघडण्याची भीति कमी. हत्यार चांगलें कीं वाईट, हें तें कोठें वापरलें यावर ठरतें.

विध्वंसकची आणखी एक सोय अशी कीं, तिची नळी, बोल्ट, मॅगझिन आणि दुर्बीण बदलून तिच्यांतून तीन जातींचीं काडतुसें झाडतां येतात : १२.७, १४.५ आणि २० मिलिमीटर. हा बदल सैनिकांना जागेवरच करतां येतो. मॅगझिन बाजूला बसतें आणि त्यांत ३ काडतुसें मावतात. दुर्बीण समोरची वस्तु आठ पट मोठी दाखविते. १२.७ च्या गोळीचा परिणामकारक पल्ला १८०० मीटर, तर २० मिलिमीटरच्या गोळ्याचा १३०० मीटर सांगतात. मोठा गोळा कमी दूर जातो याचें नवल वाटेल. परंतु तो सुमारें ११० ग्रॅमचा आणि जाड असतो, त्याचा आरंभींचा वेग सेकंदाला ७२० मीटर, म्हणजे लहान गोळीहून कमी. त्याचें काम निराळें. लहान गोळी आपल्या वेगानें आणि कठीण गाभ्यानें भोंक पाडते. मोठ्या गोळ्याच्या पोटांत स्फोटक असतें, आणि तो आंत शिरून फुटतो.

जोराचीहि कल्पना द्यावयास हवी. साध्या ७.६२ मिलिमीटरच्या बंदुकीच्या गोळीशीं तुलना केली, तर विध्वंसकच्या सर्वांत लहान गोळींत सुटतेवेळीं सुमारें पांचपट शक्ति असते. मोटारीच्या इंजिनाचा ओतीव ठोकळा पहिलीला अडवितो; दुसरीला तो अडवूं शकत नाहीं.

आतां ती चालविण्याची रीत. ही बंदूक एकट्या माणसाची नव्हे. तिचे सुटे भाग करून दोन माणसें तीं पाठीवर वाहून नेतात. जागेवर पोंचल्यावर ती दोन पायांच्या घोडीवर टेकवितात आणि एकजण तिच्यामागें पालथा पडतो. दुसरा त्याच्या शेजारीं दुर्बीण घेऊन असतो, आणि निम्म्याहून अधिक काम या दुसऱ्याचें असतें. अंतर किती, वारा कोणीकडून, समोरच्या झाडाचें पान कसें हलतें, मृगजळ कसें वाहतें, हें सारें त्यानें पाहून सांगावयाचें.

एवढी चिकित्सा कशासाठीं? पुन्हां गणित करूं. हवेचा अडथळा मुळींच नाहीं असें धरलें तरी १८०० मीटर जाण्यास या गोळीला २ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळांत हातांतून सोडलेला धोंडा २२ मीटर, म्हणजे सातमजली इमारतीएवढा खालीं येतो. गोळीहि तितकीच खालीं येते. गुरुत्वाकर्षण तिला निराळा न्याय देत नाहीं. प्रत्यक्षांत हवा अडविते, गोळी मंदावते, वेळ तीन सेकंदांहून अधिक लागतो आणि गोळी आणखी खालीं येते. म्हणून नेम लक्ष्याच्या पुष्कळ वर धरावा लागतो. त्यांत बाजूचा वारा तिला ढकलतो. हवेची विरळताहि मोजावी लागते. आमच्या राजुराहून कळसूबाईच्या माथ्यावर हवा विरळ. लडाखच्या डोंगरांत तर फारच विरळ. तेथें अडथळा कमी, म्हणून तीच गोळी अधिक सपाट जाते, आणि मैदानांतील हिशेब तेथें चुकतो. आणि गोळी वाटेंत असतां मोटार चालूं लागली, तर सारें व्यर्थ. म्हणून उभी असलेली वस्तु हेंच या बंदुकीचें खरें लक्ष्य.

गोळी सुटली म्हणजे दुसरी चिंता सुरूं होते. नळीच्या तोंडच्या टोपणांतून वायु बाजूंना उसळतो, त्यानें धूळ उडते. आवाज दरीभर घुमतो. खांद्याला वांचविणारी युक्तिच जागा उघडी करते. म्हणून जमीन ओली करणें किंवा खालीं कापड अंथरणें, आणि एक-दोन गोळ्यांनंतर तेथून निघून जाणें हा शहाणपणा. पण २५ किलो उचलून निघणें म्हणजे पळणें नव्हे. रचनेंत एक लाभ मिळवावा तर दुसरें कांहीं गमवावें लागतें, हें हत्यारांच्या बाबतींतहि खरें आहे.

शांततेच्या कामींहि अशा बंदुकीचा एक उपयोग होतो. न फुटलेला बॉम्ब किंवा सुरुंग सांपडला कीं, माणसाला जवळ न पाठवितां दुरूनच गोळी घालून तो निकामी करतां येतो. येथें ती बंदूक अक्षरशः वस्तूवरच चालते आणि माणूस वांचतो.

यावर माझ्या विद्यार्थ्यानें जो प्रश्न विचारला, त्याच्यासाठींच मी हें भाषण लिहिलें. तो म्हणाला, “म्हणजे गुरुजी, ही माणसावर चालवीतच नाहींत?”

मला क्षणभर वाटलें कीं ‘होय’ म्हणावें. बाहेर असा समजहि आहे कीं, इतक्या मोठ्या गोळीनें माणसाला मारण्यास आंतरराष्ट्रीय कायद्याची मनाई आहे. पण तो समज चुकीचा आहे, आणि विद्यार्थ्याला खोटें समाधान देणें हें शिक्षकाचें काम नव्हे. कायदा गोळीच्या जाडीबद्दल कांहीं बोलत नाहीं. १८६८ सालीं रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें कित्येक राष्ट्रांनीं एक जाहीरनामा काढला. ४०० ग्रॅमहून कमी वजनाचा स्फोटक किंवा पेट घेणारा गोळा आपसांतील युद्धांत वापरूं नये, असें त्यांत ठरलें. शत्रूचें बळ कमी करणें हा युद्धाचा हेतु. त्यासाठीं माणूस जायबंदी झाला कीं पुरे, त्याच्या यातना विनाकारण वाढवूं नयेत, हा त्यामागचा विचार. पुढें विमानें आलीं आणि त्यांच्याविरुद्ध तसे लहान स्फोटक गोळे सर्रास वापरांत आले. परंतु मनुष्यदेहांत फुटणारी गोळी माणसावर झाडूं नये, हा नियम उरला. म्हणून विध्वंसकचा ११० ग्रॅमचा स्फोटक गोळा मोर्च्यासाठीं आणि यंत्रासाठीं आहे. साध्या भरीव गोळीला मात्र ही मनाई नाहीं, आणि तिचा वापर माणसांवर झालेलाहि आहे. २००२ सालीं अफगाणिस्तानांत कॅनडाच्या एका सैनिकानें याच जातीच्या बोल्टच्या बंदुकीनें २४३० मीटरांवरून माणूस टिपला. २०१७ सालीं इराकमध्यें कॅनडाच्याच दुसऱ्या सैनिकानें ३५४० मीटरांवरून. आपल्या सैन्यानेंहि २०१९ च्या सुमारास नियंत्रणरेषेवरील नेमबाजांसाठीं बॅरट कंपनीची एम-९५ ही मोठ्या गोळीची बोल्टची बंदूक आणली.

तेव्हां ‘सामग्रीभेदी’ हें नांव हत्याराची बनावट सांगतें. तें चालविणाऱ्याच्या विवेकाची हमी देत नाहीं. मोर्चा ही वस्तु खरी, पण तिच्या आंत माणूस असतो. मोटार ही वस्तु खरी, पण ती चालविणारा कोणाचा तरी मुलगा असतो. शिवाय २५ किलोची ही बंदूक आपल्या मालकाला एक गोष्ट देते, जी साध्या शिपायाला कधींच मिळत नाहीं, आणि ती म्हणजे वेळ. समोर कोण आहे, हातांत काय आहे, तो सैनिक आहे कीं गुराखी, हें दुर्बिणींतून पाहण्यास वेळ मिळतो. ज्याला पाहण्यास वेळ मिळाला, त्याला ‘मला दिसलें नाहीं’ असें म्हणतां येत नाहीं. हाताचा बोल्ट मंद आहे हें मीं आधीं सांगितलें. मला वाटतें, दोन गोळ्यांमधली ती मूठ वर उचलण्याची आणि खालीं वळविण्याची घटका हीहि विचारासाठींच ठेवलेली समजावी.

शेवटीं मीं त्याला आपल्याच जिल्ह्यांतील निमज गांवच्या नामदेव जाधवांची गोष्ट सांगितली. ते मराठा पलटणींत निरोप्याचें काम करीत. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनिओ नदीच्या कांठीं त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा भडिमार झाला. जाधवांनीं एका जखमी सोबत्याला खांद्यावर घेऊन खोल पाण्यांतून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून पलीकडे नेलें, आणि दुसऱ्यासाठीं त्याच वाटेनें पुन्हां परतले. मग त्यांनीं शत्रूच्या मशीनगनवर चाल केली. हाताला गोळी लागून बंदूक चालेना, तेव्हां ती टाकून हातबॉम्ब घेतले आणि मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दिवशीं त्यांनीं मोर्चेहि फोडले आणि माणसेंहि वांचविलीं. आणि आधीं वांचविलीं, मग फोडले. हा क्रम कोणत्याहि कारखान्यांत घडवितां येत नाहीं.

विद्यार्थी उठला, पायां पडला आणि म्हणाला, “गुरुजी, आतां ती ओळ पाठ करावी लागणार नाहीं.” मागाहून कळलें कीं त्याची भरतींत निवड झाली आणि तो प्रशिक्षणास गेला. त्याच्या हातीं विध्वंसक येईल कीं नाहीं, कोण सांगूं शकेल? आली तर त्यानें दुर्बिणींतून नीट पाहावें, एवढीच माझी इच्छा आहे.